एकोणीस डाव

“…म्हणून कॅरमच्या डावात मी मुद्दाम हरते,” व्यासपीठावरची मुलगी म्हणाली आणि थांबली. मनातल्या मनात दोन आकडे मोजावेत इतकीच थांबली. परीक्षकांच्या टेबलाशी गुण मांडत बसलेल्या मीराचं पेनही थांबलं. पुढचं वाक्य तिला पाठ होतं. “कारण शकुच्या चेहऱ्यावर उमलणारं हसू हेच माझं खरं पारितोषिक आहे.” भाषण संपलं नव्हतं तरी सभागृहात टाळ्या पडल्या. सात वर्षांपूर्वीही इथेच, याच वाक्याला पडल्या होत्या. तेव्हा फक्त शकुच्या जागी ‘दादा’ हा शब्द होता, आणि तो उच्चारणारी पोरगी मीरा होती.

शेजारच्या खुर्चीतून सबनीसबाई तिच्याकडे झुकल्या. रत्नप्रभा सबनीस, मराठीच्या शिक्षिका, येत्या मेमध्ये निवृत्त होणार होत्या. मीराला माजी विद्यार्थिनी म्हणून परीक्षक करायची कल्पनाही त्यांचीच. “ओळखलंस की नाही? तुझंच आहे,” त्या कुजबुजल्या. “दर एक-दोन वर्षांनी देते मी कुणाला तरी. एकदा आंधळे आजोबा केले होते, एकदा मुकी मावशी. जुनं होतच नाही बघ. घरात कुणी तसं असलं की बरं पडतं, सूर खरा लागतो.” आणि त्यांनी हनुवटीनं पहिल्या रांगेकडे खूण केली. तिथं बोलणाऱ्या मुलीची आठ-नऊ वर्षांची धाकटी बहीण, शकु, बसली होती. पायांना लोखंडी पट्ट्या, खालपासून वरपर्यंत. वेणीला नवी रिबीन. टाळ्या वाजवणारे लोक मान वळवून वळवून तिच्याकडे पाहत होते, आणि ती मात्र समोरच्या पडद्याच्या कडेला बघत होती, जणू तिथं काहीतरी फार बारीक अक्षरात लिहिलं आहे आणि ते वाचून पुरं केल्याशिवाय तिला उठायची परवानगी नाही. ते बघणं मीरानं आधी एकदा पाहिलं होतं. तेव्हा ते तिला कळलं होतं आणि कळलं नाही असं तिनं ठरवलं होतं.

राग आला तेव्हा तो राग आहे हे तिला आधी उमगलंच नाही. कानाच्या पाळ्या तापल्या, जिभेखाली तांब्याच्या नाण्यासारखी चव आली, टेलिफोन एक्स्चेंजमधल्या नोकरीत सलग सहा तास कानाला हेडफोन लावून बसल्यावर येते तशी. कागदावर ‘लता, इयत्ता सातवी’ लिहिलेलं होतं आणि पुढं चार रकाने: विषय, उच्चार, आविर्भाव, परिणाम. उच्चाराच्या रकान्यात तिनं नऊ आकडा घातलेला होता. मुलगी खरंच चांगली बोलत होती. ण कसा बाणासारखा सुटत होता. मीराचाही सुटायचा. सहावीत असताना याच बाईंनी तिला सगळ्या वर्गापुढं उभं करून ‘पाणी’ हा शब्द चाळीस वेळा म्हणायला लावला होता. “पानी नाही. पाणी. तुझे वडील पाण्याच्या खात्यात ना? मग एवढं तरी नीट यायला हवं.” वर्ग हसला होता. मीरा हसली नव्हती. तिनं घरी येऊन नळाकडे तोंड करून तो शब्द चारशे वेळा म्हटला होता, आणि पुढच्या आठवड्यात वर्गातल्या एकाही पोरीला तिच्याइतका चोख ण काढता येत नव्हता. “तुमच्यातल्या मुलींची इतकी स्वच्छ वाणी मी पाहिली नाही,” बाई मग म्हणाल्या होत्या, आणि तिला तो शब्द, ‘तुमच्यातल्या’, अंगात काटा राहून जावा तसा राहून गेला; पण त्या काट्यासकट तिला ते कौतुक हवं होतं. तिला सगळंच हवं होतं. पहिला नंबर हवा होता, ढाल हवी होती, नळावरच्या रांगेतसुद्धा पुढचा हंडा हवा होता.

बाबा, म्हणजे भाऊराव, पालिकेत चावीवाले होते. पहाटे चारला लांब दांड्याची लोखंडी चावी खांद्यावर टाकून निघायचे आणि रस्त्यात जमिनीखाली दडलेले व्हॉल्व्ह फिरवत मुलुंडच्या एकेका गल्लीला पाणी सोडायचे. पाइपलाइनीच्या कडेला खात्याची चाळ होती, तिच्यात शेवटची खोली त्यांची. कुंडलिक तिच्याहून तीन वर्षांनी मोठा. जन्मला तेव्हा रडला नाही, आई सांगायची. सुईणीनं पाय धरून उलटा केला, चापट्या मारल्या, तरी बराच वेळ रडला नाही, आणि त्या बऱ्याच वेळात जे व्हायचं ते होऊन गेलं. उजवा हात कोपरात मुडपून छातीशी कायमचा बसला. पाय एकमेकांत अडकायचे. शब्द तोंडाच्या दारापर्यंत यायचे आणि तिथं त्यांची रेटारेटी व्हायची. ऐकणारा घाईत असला तर त्याला वाटायचं हा पोरगा खुळा आहे. चौथीपर्यंत बाबांनी त्याला पाठुंगळीला मारून शाळेत नेला. पाचवीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर होता आणि मुख्याध्यापक म्हणाले, कशाला त्याला त्रास. मग तो घरीच मीराची पुस्तकं वाचायचा. तिची झाली की वाचायचा असं नाही, तिच्या आधी वाचायचा.

कॅरमचा बोर्ड मंडळानं टाकून दिलेला, एक कोपरा फुगलेला. मीरा दहा वर्षांची असताना बाबांनी तो आणला. कुंडलिकला फक्त डाव्या हाताचं मधलं बोट वापरता यायचं आणि तेही त्याच्या मर्जीनं चालायचं नाही. स्ट्रायकर कधी भिंतीला, कधी आईच्या परातीत. मीरा त्याला धुऊन काढायची. एकोणतीस-शून्य, एकोणतीस-शून्य. आई, द्रौपदीबाई, भाकरी थापता थापता म्हणायची, “अगं, एखादा डाव घेऊ दे की त्याला. काय झिजणारेस?”

“का म्हणून? त्यानं घ्यावा,” मीरा म्हणायची.

कुंडलिकला त्यावर हसू यायचं. आईकडे बघून तो डावा हात हलवायचा, तू मध्ये पडू नकोस असा. एक वर्ष आणि दोन महिने तो हरला. त्या काळात त्यानं एक गोष्ट शोधून काढली: जोरात मारता येत नसेल तर जोरात मारायचंच नाही. तो सोंगटी घ्यायला जायचाच नाही. हळूच ढकलायचा. स्वतःची एक सोंगटी एका खिशाच्या तोंडाशी नेऊन बसवायचा, दुसरी दुसऱ्याच्या तोंडाशी. तिच्या सोंगट्या एकेक करून कडेला चिकटवून टाकायचा. आणि मग वाट बघायचा. मीराला वाट बघता येत नसे. ती चिडून जोरात मारायची, स्ट्रायकर खिशात जायचा, घेतलेली सोंगटी परत निघायची. एका रविवारी दुपारी त्यानं शेवटची काळी सोंगटी, खिशाच्या ओठावर पाऊण तास बसवून ठेवलेली, बोटाच्या नुसत्या स्पर्शानं आत सोडली. मीरानं बोर्ड उधळून दिला. रात्री जेवली नाही. आणि तो हसत होता; लाळ गळत होती, हात वाकडा उडत होता, सगळं अंग हसत होतं. दारामागच्या चुन्याच्या भिंतीवर त्यानं खिळ्यानं एक रेघ ओढली. पुढच्या दोन वर्षांत तिथं एकोणीस रेघा झाल्या. तिच्या विजयांच्या रेघा ओढायच्या तर सगळी चाळ पुरली नसती. पण त्या एकोणीसांतली एकही तिनं सुखानं दिली नव्हती. प्रत्येकीच्या वेळी तिच्या पोटात कुणी मूठ आवळली होती. ती हरायची तेव्हा खरी हरायची.

आणि त्याच्यापासून ती शिकलीही होती, हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. त्याचं वाक्य पुरं व्हायची वाट बघता बघता तिला कळलं होतं की थांबलेल्या माणसाकडे लोक अधिक बघतात. शब्द अडला की ऐकणारा पुढं वाकतो. भाषणातलं ते थांबणं, दोन आकड्यांचं, जे तिला स्पर्धांमागून स्पर्धा जिंकून देत होतं, ते तिनं त्याच्या अडखळण्यातून उचललं होतं, चोरलं होतं म्हणा. “विराम कसे घ्यायचे ते माझ्याकडून शिकावं,” असं बाई इतर शिक्षकांना सांगायच्या, आणि मीरा मान डोलवायची.

मग एक्क्याऐंशी साल आलं. आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष. भिंतींवर फलक, शाळाशाळांत निबंध, आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेला तोच विषय. बाईंनी तिला मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत बोलावून घेतलं. “तुझ्या घरी आहे ना गं कुणी तसं?” मीरा म्हणाली, भाऊ आहे. बाईंचे डोळे चमकले. “तुम्ही दोघं मिळून काय करता?” कॅरम खेळतो, ती म्हणाली. “कोण जिंकतं?” मीच, ती म्हणाली, आणि मग, खोटं बोलवेना म्हणून, कधीकधी तो. बाईंचा चेहरा एकदम मऊ झाला. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “मग तू मुद्दाम हरत असशील, हो ना?”

चारच दिवसांपूर्वी एकोणिसावी रेघ ओढली गेली होती. मीराची राणी तिच्या हातात असताना, कव्हरची सोंगटी खिशापासून वीतभर लांब असताना, त्यानं ती कशी कोंडली होती ते डोळे मिटले की तिला दिसत होतं. बाईंनी एक दार उघडून धरलं होतं. पलीकडे गेलं की ते सगळे पराभव पराभव राहणार नव्हते. मीरा ‘हो’ म्हणाली. एका अक्षराचा तर शब्द.

स्पर्धेच्या दिवशी बाईंच्या आग्रहावरून कुंडलिकलाही आणलं होतं. तो सोळा वर्षांचा होता, तरी बाबांनी पाठीवर घेतलं. बाबांचाच पांढरा सदरा त्याला घातला होता, आईनं खोबरेल लावून भांग पाडला होता. तो खूष होता. मीरानं घरी भाषणाचा सराव केला तेव्हा ते वाक्य वगळून केला होता. सभागृहात तिनं ते म्हटलं, थांबली, पुढचं म्हटलं, टाळ्या पडल्या, आणि त्या टाळ्यांच्या वरून तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो पडद्याच्या कडेला बघत होता. पहिला नंबर आला. बाईंनी त्यालाच व्यासपीठावर बोलावलं, ढाल भावाच्या हातून स्वीकारू दे म्हणून. बाबांनी उचलून नेला, फोटोवाला पुढं आला. कुंडलिकनं डावा हात उचलला नाही. पाहुण्यांना वाटलं, त्याला उचलता येत नाही. त्यांनी ढाल त्याच्या मांडीवर टेकवून फोटो काढून घेतला.

घरी आल्यावर आई शेजारणींना ढाल दाखवायला गेली तेव्हा तो बोलला. “एकोणीस,” म्हणाला.

“काय एकोणीस?”

“कुठले मुद्दाम?” एवढं म्हणायला त्याला किती वेळ लागला. मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. “सांग. कुठले?”

‘एकही नाही’ असं म्हणायचं होतं. ते म्हणण्यात काही अडचण नव्हती, खोलीत दुसरं कुणी नव्हतं, बाई नव्हत्या, टाळ्या नव्हत्या. तेरा वर्षांच्या मीरानं ते शब्द जिभेवर घेतले आणि तिथंच धरून ठेवले. आत्ताच पहिली आलेली, हातात ढाल घेतलेली मुलगी या वाकड्या बोटाशी एकोणीस वेळा हरली होती, हे तोंडानं कबूल करायचं. “काही काही,” ती म्हणाली.

“कुठले?”

“आता आठवत नाही.”

तो तिच्याकडे पाहत राहिला. मग दाराच्या कडेला धरून धरून मागं गेला आणि डाव्या हातातल्या खिळ्यानं त्या रेघांवर रेघा मारायला लागला, आडव्या, चुन्याचे पोपडे निघेपर्यंत. मीरानं त्याला थांबवलं नाही. तिला त्याचा राग आला होता, हे तिला आजही लख्ख आठवतं. आपल्या दिवसाची यानं माती केली, असा राग.

चाळीत गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. शेजारचा नंदकिशोर, मंडळाचा कॅरमपटू, कुंडलिकशी अधूनमधून खेळायचा आणि हरला की आईमाईवरून शिव्या द्यायचा. तो आता हसत हसत हरायला लागला. “कुंडूला दे रे एक बोर्ड,” तो दुसऱ्या पोरांना सांगायचा. “पुण्य लागतं, यार.” महिनाभर कुंडलिक प्रत्येक डाव जिंकल्यावर समोरच्याच्या तोंडाकडे बघत बसायचा. मग त्यानं खेळणं सोडलं. नंतर कुणाशीच खेळला नाही. मीराशी बोलायचा, भांडायचासुद्धा, तिच्या अभ्यासातल्या चुका काढायचा, तिला नोकरी लागली तेव्हा पेढ्याचा अर्धा भाग त्यानं खाल्ला होता. पण बोर्ड माळ्यावर गेला तो गेला.

“एक प्रश्न विचारू शकतात परीक्षक,” व्यासपीठावरून सूत्रसंचालन करणारे सर म्हणत होते. लता भाषण संपवून हात मागं बांधून उभी होती. मीरा उठली. आपण उठतो आहोत हे तिला खुर्ची सरकल्याच्या आवाजावरून कळलं. “तू खरंच मुद्दाम हरतेस?” तिनं विचारलं.

लता गोंधळली. “हो,” ती म्हणाली. बाई खाली मान घालून हसत होत्या, प्रश्न त्यांना आवडला होता.

“नेहमी?”

“हो.”

“म्हणजे शकु एकदाही स्वतःच्या बळावर जिंकली नाही?”

लतानं बाईंकडे पाहिलं. या प्रश्नाचं उत्तर पाठ करून घेतलेलं नव्हतं. तेव्हा पहिल्या रांगेतून शकु बोलली, कुणी विचारलेलं नसताना, पडद्यावरची नजर न काढता. “काही नाही मुद्दाम. हरली की चिडते ती. परवा मला चिमटा काढला.”

सगळे हसले. आईबाप, शिक्षक, मागच्या बाकांवरची पोरं, सगळे मोकळेपणी हसले. लताचा चेहरा आधी लाल झाला, मग त्यातून रंगच निघून गेला. तिनं परकराच्या दोन्ही बाजू मुठीत धरल्या. मीरा अजून उभीच होती. “मग खोटं का सांगितलंस?” ती म्हणाली. तिचा आवाज शांत होता, स्वच्छ होता, शब्दागणिक सुटा. ‘का’च्या आधी ती किंचित थांबली होती. लता रडायला लागली आणि व्यासपीठाच्या पायऱ्या चुकवून, कडेवरूनच उडी मारून पळाली.

“हे काय केलंस?” बाई दबक्या आवाजात म्हणाल्या. “लहान आहे ती.”

“मीही लहान होते, बाई.”

“तुला कुणी सांगितलं होतं? मी फक्त विचारलं. हो तू म्हणालीस.” आणि त्यांनी आपला कागद पुढं ओढून लताच्या नावापुढचा आकडा खोडला. दुसरा घातला, कमी.

बाहेर आली तरी मीराच्या अंगातला राग उतरला नव्हता. पाइपलाइनीच्या कडेकडेनं ती झपाझप चालत राहिली. मनात ती बाईंना बोलत होती, एकेक वाक्य कमावून, धार लावून. सूर खरा लागतो म्हणे. आंधळे आजोबा. मुकी मावशी. लोकांची माणसं म्हणजे काय खडू-डस्टर आहेत? तुमच्यातल्या, आमच्यातल्या. पण वाक्य पुरं होत आलं की दर वेळी बाई तेच एक उत्तर देत होत्या, हो तू म्हणालीस, आणि मीराला सुरुवातीपासून परत बोलावं लागत होतं.

कुंडलिक आता तेवीस वर्षांचा होता. बुद्धविहाराच्या मागच्या खोलीत वस्तीनं वाचनालय चालवलं होतं, ते तो बघायचा. चाळीपासून तिथवर पावणेदोनशे पावलं, त्याला वीस मिनिटं लागायची. कुणी हात दिलेला त्याला चालत नसे. संध्याकाळी पाचला वाचनालय उघडायचं, पण तो चारलाच जाऊन बसायचा. मीरा पोचली तेव्हा तो वर्तमानपत्रं दांड्यांना लावत होता, डाव्या हातानं आणि दातांनी. तिनं त्याला सगळं सांगितलं. उभ्याउभ्याच, एका दमात. बाई काय म्हणाल्या, ती पोरगी, ते वाक्य, तिच्या बहिणीचं बघणं, प्रश्न, आणि शकुनं कसं सगळ्यांदेखत भांडं फोडलं. सांगता सांगता ती रंगात आली. “बाईंचं तोंड बघायला पाहिजे होतंस, दादा. सात वर्षांनी कुणीतरी तोंडावर विचारलं.”

कुंडलिकनं दांडी खाली ठेवली. “आणि तुझं?” तो म्हणाला.

“माझं काय?”

“ते भाषण तुझं. ते… खोटं तुझं. हे सांगितलंस तिथं?”

मीरा त्याच्यावरची नजर काढून खोलीत बघू लागली. भिंतीवरचं घड्याळ, पुस्तकांचे दोन रॅक, टेबलावर देवघेवीची वही. बाहेर नळावर कुणीतरी हंडा आपटला.

“नाही ना,” तो म्हणाला. त्याला एका वाक्यासाठी तीनदा श्वास घ्यावा लागत होता आणि ती सवयीनं वाट बघत होती. “म्हणजे बाई तशाच. तू तशीच. त्या… पोरीला तेवढी हरवून आलीस.”

तिच्या डोळ्यांपुढून लता पळाली, पायऱ्या चुकवून. बारा वर्षांची पोर. उच्चारांत नऊ. प्रश्न विचारताना आपण ‘का’च्या आधी थांबलो होतो हे मीराला आत्ता ऐकू आलं. परिणामासाठी थांबलो होतो. तिला बसावंसं वाटलं पण खुर्ची एकच होती आणि त्याच्याखाली होती.

“एकोणीसच्या एकोणीस खरे होते,” ती म्हणाली. “एकही मुद्दाम नव्हता. मी जीव तोडून खेळत होते आणि तू मला हरवलंस. दर वेळी.”

आता तो रडेल, किंवा हसेल, किंवा ‘जाऊ दे’ म्हणेल असं तिला वाटलं होतं. सात वर्षं तिनं हे वाक्य म्हटलं नव्हतं, तरी म्हटल्यानंतरचं दृश्य मात्र कितीदा मनात बघून ठेवलं होतं, आणि त्यात तो नेहमी हात पुढं करायचा. त्यानं तसलं काही केलं नाही. त्याचं तोंड रागानं वाकडं झालं.

“मला काय सांगतेस? मला माहीत नव्हतं? मी… खेळलो होतो.” तो थांबला. “तू मला नाही हरवलंस त्या दिवशी. तू सगळ्या लोकांत सांगून आलीस की मी… कधी खेळलोच नाही. नंद्याला सांगितलंस. चाळीला सांगितलंस. आता इथं कोपऱ्यात येऊन माझ्या कानात खरं सांगतेस होय?”

“मग काय करू?”

त्यानं टेबलाचा खण ओढला. कोऱ्या कागदांचा गठ्ठा वर ठेवला, त्यावर पेन. “लिही.”

“काय लिहू?”

“आत्ता बोललीस ते. साल घाल. नाव घाल, पूर्ण. सही कर.”

टेबलाच्या कोपऱ्यावर वाकून, उभ्यानंच, तिनं लिहिलं. एक्क्याऐंशीच्या स्पर्धेत मी म्हटलं होतं की मी भावाशी मुद्दाम हरते. ते खोटं होतं. माझा भाऊ कुंडलिक भाऊराव माझ्याशी कॅरमचे एकोणीस डाव जिंकला आणि ते सर्व मी पूर्ण ताकदीनं खेळून हरले. मीरा भाऊराव. तिनं कागद त्याच्यापुढं सरकवला. त्यानं तो पुन्हा पुन्हा वाचला, परीक्षेचा पेपर तपासावा तसा. “ताकदीनं वर अनुस्वार दे,” म्हणाला. तिनं दिला. मग तो कागद त्यानं डाव्या हातानं घडी न घालता बाजूला ठेवला. “हा इथं फळ्यावर लागेल. आता नंद्याला एक.”

तिनं दुसरा लिहिला.

“सबनीसबाईंना.”

तिनं तिसरा लिहिला. पाठीत कळ आली होती. पाच वाजत आले होते; दाराशी दोन म्हातारे वर्तमानपत्रासाठी येऊन थांबले होते आणि हा काय प्रकार चालला आहे म्हणून आत डोकावत होते. त्यांतला एक म्हणाला, “मीराताई, अर्ज लिहिताय काय?” तिनं मान वर केली नाही. तिला कुंडलिकचा राग येत होता, चांगला सणसणीत राग, थोडीही दया नसलेला. याला आता पुरे म्हणायचं सुचत कसं नाही, एवढं बोलले, एवढं लिहिलं, सात वर्षांनी बहीण समोर वाकून उभी आहे आणि हा खुर्चीत बसून शुद्धलेखन तपासतो आहे. तिनं पेन आपटलं. “झालं आता, दादा. तीन झाले.”

तो तिच्याकडे बघत होता. दारातल्या म्हाताऱ्यांकडे नाही, कागदांकडे नाही, सरळ तिच्याकडे. डोळ्यांत क्षमा नव्हती आणि घाईही नव्हती. त्याच्या हातात वेळ होता, भरपूर, आणि तो सोडणार नव्हता.

“त्या पोरीला,” तो म्हणाला. “लताला. तिच्या घरी जाऊन द्यायचा, तिच्या बहिणीच्या देखत. त्यात आणखी एक ओळ वाढव. आज मी तुला भरसभेत रडवलं ती माझी चूक, असं.”

मीराच्या पोटात मूठ आवळली गेली, जुनी, ओळखीची. तिला उठून जाता आलं असतं. तिनं चौथा कागद ओढला.